मुले घराबाहेर गेल्यावर घरातले हसू परत कसे आणावे?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

माझे वय 52 आहे आणि यजमानांचे 56. मुलगा तीन वर्षांपूर्वी शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि या जूनमध्ये मुलगीही बेंगळुरूला गेली. आम्हा दोघांत भांडण नाही, पैशांची ओढाताण नाही आणि प्रकृतीची मोठी तक्रारही नाही. तरीही मागच्या आठवड्यात रात्री दिवा मालवताना माझ्या लक्षात आले की त्या संपूर्ण दिवसात आमच्यापैकी कोणीही एकदासुद्धा हसले नव्हते. नंतर मी मुद्दाम लक्ष ठेवले, तेव्हा कळले की तो दिवस काही अपवादाचा नव्हता.

मुलगी जेवताना तिच्या बाबांची नक्कल करायची. चष्मा शोधत ते घरभर कसे फिरतात, हे ती हातात वाटी घेऊन करून दाखवायची. ते रागावल्याचा आव आणायचे आणि मी ठसका लागेपर्यंत हसायचे. आता यजमान मोबाईलवर आलेले विनोद वाचून दाखवतात आणि मी 'छान आहे' म्हणते. ते मनापासून वाचतात आणि मीही मनापासून ऐकते, पण हसू येत नाही. कणीक अजूनही चौघांची भिजवली जाते आणि सकाळी चपात्यांचा कुस्करा होतो. गवळ्याला दोनदा सांगूनही तो रोज दोन लिटरच दूध घालतो, त्यामुळे फ्रिजमध्ये दह्याची पातेली साठतात. घराला आम्ही दोघेच उरलो आहोत, हे अजून कळलेले दिसत नाही.

एखादा छंद लावून घ्या, असा सल्ला कृपया देऊ नये. मी भजनी मंडळात जाते आणि शिवणही करते. माझा प्रश्न एवढाच आहे की दोन माणसांच्या घरात हसणे पुन्हा आणता येते का आणि कोणी आणले असल्यास ते कसे आणले.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, आपला प्रश्न वाचून मी पत्नीला हाक मारली आणि तिलाही तो वाचायला दिला, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही याच ठिकाणी होतो.

माझे मत असे झाले आहे की घरातल्या विनोदाला तिसरे माणूस लागते. एक जण बोलतो, दुसऱ्याची फिरकी घेतली जाते आणि ते पाहणारे कोणीतरी असते. आपल्या घरात मुलगी नक्कल करायची, यजमान रागावायचे आणि आपण हसायच्या, म्हणजे तिघांची कामे ठरलेली होती. नक्कल करणारी निघून गेली, तेव्हा उरलेल्या दोघांची कामेही संपली. यात आपल्या संसाराचा काही दोष आहे, असे कृपया समजू नये. वीस-बावीस वर्षे नवराबायकोचे बरेचसे बोलणे मुलांच्या मार्फत होत असते. ते पुन्हा थेट सुरू व्हायला वेळ लागतो.

आम्ही एक लहानसा नेम केला. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकाने त्या दिवशी स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली एक गंमत सांगायची. मोबाईलवर आलेले काहीही चालणार नाही, एवढी एकच अट ठेवली. पहिले आठ दिवस अवघड गेले. 'आज काही नाही' असे सांगून आम्ही उठत होतो. पुढे मात्र रात्री काहीतरी सांगायचे आहे, या जाणिवेने डोळे आणि कान दिवसभर शोध घेऊ लागले. मंडईत मी भाजी घेऊन वर कोथिंबीर मागायचो. एकदा जुडीकडे हात गेला, तेव्हा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ''काका, आज विकत घेताय का रोजच्यासारखी?'' मी त्या वेळी दहा रुपये देऊन जुडी घेतली, पण घरी येईपर्यंत हे पत्नीला कसे सांगावे, याचाच विचार करत होतो. ते ऐकून ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. आजही भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली की ती एवढेच विचारते, ''विकत का?''

तयार विनोद आणि घरातला विनोद यांत मला हाच फरक वाटतो. तयार विनोद एकदा ऐकला की संपतो, तर घरातला विनोद शंभराव्या वेळीही चालतो आणि दरवेळी आणखी आखूड होत जातो. शेवटी दोन शब्द उरतात आणि ते दोघांनाच कळतात.

मध्यरात्रीचा फोन (ठाणे)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट त्याच्याही आधी यायला हवी, असे मला वाटते. हसू आटते तेव्हा पुष्कळदा त्याच्याखाली न बोललेले काहीतरी असते.

आमचा मुलगा सिअ‍ॅटलला असतो. उन्हाळ्यात आमची घड्याळे त्याच्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की हे अंतर साडेतेरा तासांचे होते. पहिल्या वर्षी हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. ठरलेल्या वेळी आम्ही दोघे नीटनेटके कपडे करून, केस विंचरून, मागचा पडदासुद्धा सरळ करून फोनसमोर बसलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, तरी फोन आला नाही. मनात नाही नाही ते येऊ लागले. तासाने तो आला तेव्हा मुलगा दात घासत होता आणि आम्ही लग्नाच्या फोटोला बसावे तसे बसलो होतो. तो म्हणाला, ''आई, कुठे निघालात का?'' त्यावर यजमान हसू लागले, मीही हसले आणि हसता हसता मला रडू कोसळले. गेल्या पाच महिन्यांत मी प्रथमच त्याच्यासमोर रडले. तोपर्यंत आम्ही दोघेही फोनवर आनंदी चेहरे करून बसत होतो आणि फोन ठेवला की दोन खोल्यांत जात होतो. त्या दिवसानंतर आमच्या घरात खरे हसू परतले, असे मी मानते, कारण त्या दिवशी खरे रडणेही झाले.

दुसरे कारण आपल्याला लागू आहे की नाही हे मला ठाऊक नाही, परंतु आपले वय पाहून लिहिते. मुले जाण्याचा काळ आणि रजोनिवृत्तीचा काळ पुष्कळ घरांत एकत्रच येतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात, पण त्याआधीची काही वर्षेच अधिक त्रासाची असू शकतात. अंगातून एकदम गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे आणि अपुऱ्या झोपेमुळे दिवसभर चिडचिड होणे, हे सगळे मी सोसत होते आणि यजमान त्याला माझा स्वभाव समजत होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आम्हा दोघांना समोर बसवून ते नीट समजावून सांगितले. त्यानंतर रात्री पंखा पाचवर ठेवून मी पांघरुणाबाहेर आणि यजमान कानटोपी घालून दोन पांघरुणांत, हे दृश्य आम्हाला एकदम दिसले. तीन महिने ते रोज घडत होते, पण कारण कळल्यावरच त्यातली गंमत वाटू लागली. कारण माहीत नव्हते तोवर तो अन्यायच वाटत होता, माझ्यावरही आणि त्यांच्यावरही.

म्हणून माझी विनंती अशी की 'आपण हसत नाही' हे वाक्य आपण यजमानांना सांगावे. इथे लिहिले आहे तसेच, तक्रारीचा सूर न लावता सांगावे.

सहा वाजता बागेत (पुणे)

मी हास्यक्लबात नियमित जातो, म्हणून मोबाईलवरच्या विनोदांबद्दल थोडे लिहितो. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च 1995 मध्ये मुंबईतल्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी तिथे वर्तुळात उभे राहून एकेकाने विनोद सांगण्याची पद्धत होती. काही दिवसांतच चांगले विनोद संपले, मग दुखावणारे आणि अश्लील विनोद येऊ लागले आणि लोक नाराज झाले. तेव्हा त्यांनी विनोद बाजूला ठेवले आणि हसणे हाच व्यायाम केला. श्वास, टाळ्या आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहणे यांतून मुद्दाम सुरू केलेले हसू थोड्या वेळाने आपोआप खरे होते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

यावरून दिसते की विनोदांचा साठा दोन आठवडेसुद्धा पुरत नाही, मग तो कितीही निवडक असो. ताई, आपल्या यजमानांनी वाचलेल्या विनोदावर हसू आले नाही, तर त्यात आपली चूक नाही आणि त्यांचीही नाही. मात्र ते वाचून दाखवतात, म्हणजे तेही तेच शोधत आहेत, हे कृपया ध्यानात घ्यावे. मला आपल्या प्रश्नातली सर्वांत आशादायक गोष्ट तीच वाटली.

बागेतले हसणे घरातल्या हसण्याची जागा घेते, असे मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत त्याने एवढेच केले की सकाळी चेहरा सैल होऊन घरी परततो. हर्निया असल्यास किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास डॉक्टरांना विचारूनच यावे.

ओसरी (रत्नागिरी)

मी समुपदेशनाचे काम करते, म्हणून एकच गोष्ट जोडते. हसू कमी होणे आणि कशातच रस न वाटणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, झोप आणि भूक बदलली असेल, पूर्वी आवडणारे कामही नकोसे झाले असेल, तर तो उपचाराचा विषय आहे आणि तिथे विनोदाचा आग्रह धरणे अन्यायाचे ठरते. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. ताईंच्या लेखनावरून मला तसे वाटले नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी त्याची गरज असू शकेल.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बारा दिवसांनी परत लिहीत आहे, कारण काहीतरी करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

ठाण्याच्या ताईंनी सांगितले तसे मी ते वाक्य यजमानांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ''मला वाटलं, फक्त मलाच जाणवतंय.'' नाशिककरांचा नेम आम्ही दुसऱ्या दिवसापासून सुरू केला. पहिल्या दोन रात्री दोघांकडेही सांगण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या रात्री यजमान म्हणाले की माझ्याकडे एक गंमत आहे, पण तू रागावशील.

गवळी त्यांना सकाळी फाटकात गाठून म्हणाला होता, ''साहेब, वहिनी सांगतात एक लिटर घाल, तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून सांगता दोनच घाल. आता दोघं मिळून एकदा काय ते ठरवा.''

मी जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये दूध कमी करायला सांगितले होते, आणि दोन्ही वेळा यांनी ते परत वाढवले होते. मी त्या बिचाऱ्याला विसरभोळा म्हणत होते. का केलेत असे, असे विचारल्यावर ते म्हणाले की दूध कमी केले की मुले खरोखरच गेली असे होईल, म्हणून. आणि कणीक रोज चौघांची कोण भिजवते, असे त्यांनी मला विचारले. त्यावर आम्ही दोघेही हसू लागलो ते थांबता येईना. फ्रिज उघडून दह्याची पातेली मोजली, तेव्हा पुन्हा हसलो आणि त्यानंतर काही वेळ दोघेही ओट्याशी नुसतेच उभे होतो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. एवढे कशावर हसताय, असे तिने तीनदा विचारले, पण आम्ही सांगितले नाही. दिवाळीला दोघे येईपर्यंत दूध दोन लिटरच राहील, असे आम्ही गवळ्याला एकत्र जाऊन सांगितले आहे. दह्याचा चक्का आज रात्री टांगला आहे.