अंगणातल्या स्विमिंग पूलसाठी फिल्टर कोणता घ्यावा? (बजेट १५० डॉलर)

शेवंती_एनजे
नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये मागच्या अंगणात जमिनीवर उभा राहणारा गोल पूल लावला. १८ फुटी, ४ फूट उंच, पाणी साधारण ७,००० गॅलन. सोबतचा पंप १,५०० जीपीएचचा (तासाला तेवढे गॅलन), आत कागदी कार्ट्रिज, म्हणजे घड्या घातलेली नळकांड्यासारखी गाळणी. जुलैत दर दोन दिवसांनी ते काढून धुतलं, तरी पाणी हिरवट गढूळ. आई भारतातून आली होती. काठावर उभी राहून म्हणाली, "पोरांना यात नको उतरवूस." फार लागलं मनाला. यंदा मेमोरियल डेच्या (मेअखेरची सुट्टी) आत सोय करायची आहे. वाळूचा फिल्टर घ्यावा का? १५० डॉलरच्या वर जायचं नाही. अंगणाचा उतार शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे आहे.

डॅलसकर
डोळे झाकून वाळूचा घ्या. मी ४०० डॉलरचा घेतला, १६ इंची टाकी. सहावं वर्ष चालू आहे, वाळू एकदाच बदलली. स्वच्छ असताना दाबाचा काटा किती पीएसआय दाखवतो ते टाकीवर लिहून ठेवा. त्याच्या वर ८-१० चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची आणि ते घाण पाणी बाहेर काढायचं. दीडशेत काही होत नाही.

मिरचीचं_लोणचं
वाळूचाच! मात्र माझ्यासारखं करू नका. मी घाईत मुलांच्या सँडबॉक्सची वाळू आणली. त्यात बारीक धूळ असते, सगळी पूलमध्ये उतरली. पूलची २० नंबरची सिलिका वाळूच हवी, दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शिवाय कोरड्या टाकीत पोतं उलटं केलं. तळाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या जाळीदार नळ्या असतात, त्यातल्या दोन तुटल्या. आधी टाकी अर्धी पाण्याने भरायची, मधल्या नळीचं तोंड टेपने बंद करायचं, मगच वाळू.

ओहायोतला_बंड्या
वाळू २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवते, कागदी कार्ट्रिज १० ते २०. डीई घ्या (डायटोमेशिअस अर्थ नावाच्या बारीक पावडरीतून गाळणारा फिल्टर), ३ ते ५ मायक्रॉन! आमचं पाणी बिसलेरीसारखं दिसतं. पैसे जातात, पण एकदाच.

मिरचीचं_लोणचं
@बंड्या, ती पावडर हाताळताना मास्क लावता ना? छातीत गेली तर वाईट. शेवंतीताईंच्या घरात लहान मुलं आहेत.

नाशिकचे_अण्णा
आमच्या फार्महाऊसवर ३० फुटी काँक्रीटचा पूल आहे, वाळूचा फिल्टर. बोअरचं पाणी, माणूस रोज बघतो. कधी त्रास नाही. प्लास्टिकचे पूल टिकत नाहीत, पक्काच बांधा.

डॅलसकर
अण्णा, त्यांनी फिल्टर विचारलाय. आणि ताई, बॅकवॉशचं पाणी वाया जात नाही, मी भेंडीला देतो.

परसबाग_प्रेमी
भेंडीला?? मी दोनदा दिलं, मेथीचा अख्खा वाफा करपला. क्लोरीन असतं त्यात. शेजाऱ्याच्या हिरवळीवर गेलं तर तक्रार नक्की. रस्त्याच्या गटारात सोडायचे नियमही गावागणिक वेगळे, आधी टाऊनशिपला विचारा.

डॅलसकर
माझी भेंडी ठणठणीत आहे.

सुमेधा_टोरांटो
शेवंतीताई, तीन प्रश्न. क्लोरीन कशाने मोजता? पंप किती तास चालवता? आणि मुलं डोक्याला तेल लावून उतरतात का?
हिरवं पाणी ही मुळात फिल्टरची तक्रार नाही. शेवाळं क्लोरीनने मरतं, फिल्टर फक्त मेलेलं गोळा करतो. मोकळं क्लोरीन शून्यावर असेल तर हजार डॉलरचा फिल्टरही हरेल. नुसत्या क्लोरीनच्या तरंगत्या गोळ्यांवर राहू नका. त्यातून स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) वाढत जातं आणि क्लोरीन मंदावतं.

शेवंती_एनजे
सुमेधाताई, मोजत नव्हते, गोळ्याच टाकत होते. पंप ४ तास. आणि हो, दर रविवारी दोघींना खोबरेल तेल चोपडते! आत्ताच गेल्या वर्षीचं कार्ट्रिज उन्हात धरून पाहिलं. घड्यांच्या आत पिवळट थर आहे, बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं.

सुमेधा_टोरांटो
तेच ते. नुसत्या पाण्याने तेल जात नाही. कार्ट्रिज क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, मग पाइपने वरून खाली एकेक घडी धुवा. प्रेशर वॉशर नको, कागद फाटतो. तेल काढण्याआधी ॲसिडमध्ये कधीच घालू नका, थर पक्का बसतो. पंप ८ ते १० तास चालवा. परवडलं तर वाळूचा घ्याच, मीही तोच वापरते.

ओहायोतला_बंड्या
डीईला तेलाचाही त्रास होतो म्हणा. तरी डीईच.

शेवंती_एनजे (जूनअखेर)
सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूचा घेतला नाही. बॅकवॉशचं पाणी सोडायला जागाच नाही, शेजारच्या आजींच्या गुलाबांवरून जाईल. तीन जादा कार्ट्रिजं आणि थेंब टाकून मोजायचं टेस्ट किट घेतलं, सगळं मिळून १०० च्या आत. बुधवारी आणि रविवारी कार्ट्रिज बदलते, काढलेलं भिजतं, आधीचं दोरीवर वाळतं. रोज संध्याकाळी क्लोरीन मोजते, १ ते ३ पीपीएममध्ये (दहा लाखांत तेवढे भाग) ठेवते. तेल आता शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी शिकेकाईने न्हाऊन मगच पाण्यात. काल धाकटीने तळाशी क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) टाकला, त्यावरचा चेहरा काठावरून ओळखू येत होता. आईला व्हिडिओ पाठवलाय.

डॅलसकर
छान. पण महिन्यात आठदा धुणं म्हणजे खूप झालं. पुढच्या वर्षी वाळूचाच घ्याल.

मिरचीचं_लोणचं
घेतलाच तर टाकी आधी अर्धी भरा.