पिकलबॉल: ओपन प्लेमध्ये वागायचं कसं? आणि सगळेच बॉल जोरात हाणणाऱ्यांचं काय करायचं?

बिघडलेला_बॅकहँड:

नमस्कार मंडळी, बॅडमिंटन बरीच वर्षं खेळून आता पिकलबॉलला (बॅडमिंटनएवढ्या कोर्टवर पॅडल म्हणजे बॅट आणि प्लास्टिकचा बॉल घेऊन खेळतात तो) लागलोय. नियमांचं फारसं अडत नाही, सर्व्ह खालून आणि तिरकी करायची, सर्व्ह आणि तिचा रिटर्न दोन्ही एकेक टप्पा पडल्यावरच घ्यायचे, किचनमध्ये (नेटलगतच्या पट्ट्यात) पाय ठेवून व्हॉली म्हणजे टप्पा पडण्याआधी मारणं नाही, ११ चा गेम आणि २ चा फरक, एवढं डोक्यात बसलंय. गोंधळ होतो तो नियमांच्या पलीकडच्या गोष्टींचा. ओपन प्लेला (कुणीही यावं आणि मिळेल त्याच्याबरोबर खेळावं असं असतं तिथे) गेलं की चार अनोळखी माणसं एका कोर्टवर येतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी असतं.

परवाचंच सांगतो, आमच्या बाजूला बेसलाइनला बॉल पडला, पार्टनर ओरडला आउट, मला स्पष्ट इन दिसला होता. मी गप्प बसलो कारण पार्टनरला तोंडावर पाडायचं कसं, पण समोरच्या दोघांचे चेहरे बघवत नव्हते. अशा वेळी काय करायचं असतं? दुसरं म्हणजे समोर एक तगडा आणि एक अगदी नवीन असेल तर सगळे बॉल त्या नवीन माणसाकडे मारणं बरोबर का? तिसरं, काही मंडळी दर रॅलीनंतर न विचारता शिकवत सुटतात, त्यांना कसं आवरायचं? आणि शेवटचं, जे लोक आला बॉल की हाण जोरात एवढंच खेळतात त्यांच्यासमोर माझा पार निकाल लागतो. बॅडमिंटनचं मनगट इथे कामाला येईल वाटलं होतं, उलट सगळे बॉल वर उडतात आणि मग समोरून स्मॅश बसतो.

जाणकारांनी सांगा प्लीज.

किचनवाली_मावशी:

लाइन कॉलचं आधी बोलते कारण भांडणं तिथेच जास्त होतात.

आपल्या बाजूच्या लाइनचा निर्णय आपण द्यायचा आणि शंका असेल तर फायदा समोरच्याला, हा नुसता शिष्टाचार नाही तर नियमच आहे. पार्टनर आउट म्हणतोय आणि तुम्हाला इन दिसला, तर दोघांमध्ये एकमत नाही, म्हणजे शंका आहे, म्हणजे बॉल इन. तुम्ही शांतपणे "मला इन दिसला, पॉइंट तुमचा" म्हणायचं, संपलं. यात पार्टनर तोंडावर पडतो वगैरे काही नाही, आणि एकदा लोकांना कळलं ना की हा माणूस स्वतःच्या विरुद्धही कॉल देतो, की पुढे तुमच्या आउटवर कुणी कुरकुर करत नाही. तुम्हाला दिसलाच नसेल तर समोरच्यांना विचारू शकता, पण मग ते जे स्पष्टपणे म्हणतील ते मान्य करायचं. बाहेर बसलेल्या प्रेक्षकांना मात्र विचारायचं नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी बॅडमिंटन आणि टेनिसवाल्यांना पटकन लक्षात येत नाही. हा बॉल कडक प्लास्टिकचा, टेकला तरी फारसा दबत नाही, त्यामुळे जमिनीला टेकतो तो ठिपका अगदी छोटा असतो. वरून बघताना बॉलची कड लाइनवर आल्यासारखी दिसते पण टेकलेला ठिपका लाइनच्या बाहेर असेल तर तो आउट. आणि टेकला लाइनला तर इन, अपवाद एकच, सर्व्ह किचनच्या लाइनवर पडली तर फॉल्ट.

बॉल हवेत असताना पार्टनरला सांगायचं असेल तर "सोड" किंवा "टप्पा" म्हणा. हवेत असताना ओरडलेला आउट म्हणजे नियमाप्रमाणे पार्टनरशी बोलणंच धरतात, पण समोरचे थबकतात आणि मग वाद.

बाकी छोट्या गोष्टी. सर्व्हच्या आधी स्कोअर मोठ्याने, समोरच्यांना ऐकू जाईल असा, आधी आपला मग त्यांचा मग सर्व्हर नंबर, म्हणजे जोडीतला पहिला सर्व्हर की दुसरा. दुसऱ्या कोर्टचा बॉल आला की लगेच "बॉल!" ओरडा आणि रॅली थांबवा, जिंकत असलात तरी, कारण त्यावर पाय पडला तर माणूस आडवाच होतो. दुसऱ्यांच्या कोर्टमागून जायचं असेल तर रॅली संपेपर्यंत थांबा. आणि बॉल परत देताना सर्व्हरच्या हाताशी येईल असा द्या, चिडून कुठेतरी भिरकावू नका.

सरळ_बोलतो:

मावशींशी लाइन कॉलबाबत सहमत. नवीन माणसाकडे मारण्याबद्दल मात्र लोक उगाच हळवे होतात असं माझं मत. डबल्समध्ये कमकुवत बाजू शोधणं हाच खेळ आहे, टूर्नामेंटमध्ये तर तसं नाही केलं तर तुमचा पार्टनरच तुम्हाला धरेल. नवीन माणसाला बॉल मिळालेच नाहीत तर तो शिकणार कधी? त्याला वगळून खेळणं हा मला जास्त अपमान वाटतो.

न मागता शिकवणाऱ्यांना एकच वाक्य, "गेम झाल्यावर बोलू". बास. बहुतेक लोक समजतात, जे समजत नाहीत त्यांच्याबरोबर पुढचा गेम घ्यायचा नाही.

किचनवाली_मावशी:

@सरळ_बोलतो, टूर्नामेंटचं मान्य, तिथे प्रश्नच नाही. पण ओपन प्लेमध्ये बॉल मिळणं वेगळं आणि दर वेळी अंगावर जोरात मिळणं वेगळं. नवीन माणूस नेटजवळ पॅडल खाली सोडून उभा असतो, त्याच्या छातीवर हाणून पॉइंट घेतला यात काय मोठं केलं? त्याला परतवता येतील असे बॉल द्या, डिंक (नेटवरून हळूच किचनमध्ये टाकलेला बॉल) द्या, आणि जोर लावायचा तो तगड्यावर लावा, तुमचाही सराव होतो. आणि तो तगडा माणूस पूर्ण गेम नुसता उभा राहून कंटाळतो त्याचं काय?

सरळ_बोलतो:

छातीवर हाणा असं मी कुठे म्हटलं मावशी. हळू मारा, पण मारा त्याच्याचकडे :) तगड्याने कंटाळू नये म्हणून मी त्याला गेम का सोडू?

डावखुरा_डिंकर:

वरचा वाद चालू द्या, मी हाणणाऱ्यांवर येतो कारण त्यातून मीही गेलोय (टेनिसवाला होतो, म्हणजे खरं तर हाणणाराच होतो).

पहिली गोष्ट, त्यांचे निम्मे बॉल आउट जाणारे असतात आणि आपण ते खेळून त्यांना वाचवतो. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टएवढंच आहे, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, त्यामुळे खालून वर जाणारा जोरदार बॉल तुमच्या खांद्याच्या वर आला तर तो बहुतेकदा बेसलाइनच्या बाहेरच जाणार. सोडा. बॅडमिंटनवाल्यांना हे फार जड जातं कारण शटल हवेत दिसलं की हात जातोच, पण इथे सोडायला शिकणं हाच एक शॉट समजा. एक लक्षात ठेवा, तो आउट जाणारा बॉल तुमच्या अंगाला किंवा कपड्याला लागला तर फॉल्ट तुमचा, बॉल बाहेर जात होता म्हणून सूट नाही, तेव्हा वेळेत बाजूला व्हा.

दुसरं, जे बॉल सोडता येत नाहीत ते ब्लॉक करा. पॅडल छातीसमोर, पकड सैल, इतकी सैल की कुणी ओढलं तर पॅडल हातातून निघावं, आणि हात मागे न्यायचाच नाही. जोर त्यांनीच लावलेला असतो, तुम्ही फक्त आडवं पॅडल धरलं की बॉल मरून त्यांच्या किचनमध्ये पडतो. तुमचे बॉल वर उडतात ना, ते मनगटामुळे. बॅडमिंटनमध्ये शेवटच्या क्षणी मनगट झटकायची सवय असते, इथे ती किचनजवळ पूर्ण बंद, हालचाल खांद्यातून, ढकलल्यासारखी. स्मॅशला झटका मारा हवं तर.

तिसरं, त्यांना हाणायला मिळेल असा बॉल देऊ नका. हाणणाऱ्याला उंच बॉल लागतो. किचनमध्ये त्याच्या पायाजवळ पडलेला बॉल त्याला खालून उचलावा लागतो, जोरात मारला तर नेटमध्ये जातो नाहीतर बाहेर. म्हणून डिंक, आणि शक्यतो तिरका डिंक, कारण तिरकं अंतर जास्त मिळतं आणि बॉल नेटच्या मधल्या भागावरून जातो, नेट कडेला ३६ इंच असली तरी मध्ये ३४ च असते. दोन इंच म्हणजे काही नाही वाटतं, डिंकला फार फरक पडतो.

आणि सगळ्यात जास्त पॉइंट मिळतात ते उभं राहण्याच्या जागेमुळे. तुम्ही रिटर्न करत असाल तर खोल रिटर्न मारून लगेच किचन लाइनपर्यंत पुढे या. सर्व्ह करणाऱ्या जोडीला तो रिटर्न टप्पा पडल्यावरच घेता येतो म्हणून त्यांना मागे थांबावंच लागतं, हा फायदा फुकट आहे तो घ्या. सर्व्ह तुमची असेल तर उलट, घाईने पुढे पळू नका, तिसरा शॉट (सर्व्ह पहिला, रिटर्न दुसरा धरून) हळुवार ड्रॉप करून किचनमध्ये टाका आणि त्याच्या मागोमाग पुढे सरका. हा ड्रॉप जमायला वेळ लागतो, जमेपर्यंत कधी कधी ड्राइव्ह (जोरदार सपाट फटका) मारून पाचव्या शॉटला ड्रॉप करा, तेही चालतं.

किचनबद्दल एक भर: व्हॉली मारून झाल्यावर तोल जाऊन आत पाय पडला तरी फॉल्ट, बॉल समोर टेकून मेला असला तरी. टोपी पडली आत तरी फॉल्ट. नुसतं किचनमध्ये उभं राहायला मात्र काही बंदी नाही, टप्पा पडलेला बॉल आत जाऊन खुशाल मारा, फक्त नंतर दोन्ही पाय बाहेर टेकवल्याशिवाय व्हॉली नाही.

निवृत्त_पण_पळतो:

छान धागा. सगळे खेळाचं बोलतायत म्हणून मी हाडांचं बोलतो. लॉब (डोक्यावरून मागे टाकलेला उंच बॉल) आला की तोंड नेटकडे ठेवून उलटं मागे पळू नका, आमच्या वयात मनगट मोडायचा तो सरळ रस्ता आहे. वळा आणि पळा, नाहीतर सरळ म्हणा "छान मारला" आणि सोडा. बूट रनिंगचे नकोत, त्यांचे सोल सरळ पळण्यासाठी उंच आणि मऊ असतात, बाजूला झटकन सरकलं की घोटा मुरगळतो, कोर्टचे बूट घ्या. आणि नेटजवळ खेळताना डोळ्यांवर चष्मा, म्हणजे खेळाचा हो, साधा काचेचा नव्हे. चौदा फुटांवरून आलेला बॉल बघून पापणी मिटायलाही वेळ नसतो.

हा खेळ एवढा का वाढला विचाराल तर मला कारण साधं दिसतं, पहिल्याच दिवशी रॅली होते. टेनिसमध्ये नवीन माणूस बॉल आणण्यातच दमतो. सुरुवातच मुळी घरगुती, १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्यांसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टवर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिक बॉल घेऊन खेळ जुळवला, मग शेजारी बार्नी मॅक्कॅलम त्यात आले. घरातल्या लहानथोर सगळ्यांना एकत्र खेळता यावं हाच हेतू. पुढे कित्येक वर्षं तो आम्हा म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून ओळखला गेला आणि कोविडनंतर तरुण मंडळी घुसली. अमेरिकेतल्या क्रीडा उद्योगाच्या पाहणीत २०२१ ला खेळणारे ४८ लाखांच्या आसपास होते, २०२३ ला १ कोटी ३६ लाख. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला राज्याचा अधिकृत खेळ केलं.

अवांतर: एका टेनिस कोर्टच्या जागेत पिकलबॉलची चार कोर्टं बसवतात, म्हणजे दोघाचौघांच्या जागी सोळा जण. टेनिसवाले चिडतात ते उगाच नाही. आणि तो टक टक आवाज शेजाऱ्यांना खरंच नको होतो, तेव्हा भल्या पहाटे नका सुरू करू बाबांनो.

बिघडलेला_बॅकहँड:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः खांद्याच्या वरचे बॉल सोडायचं, मी तर सगळेच खेळत होतो. पुढच्या वेळी पार्टनरने चुकीचा आउट दिला तर मावशींचं वाक्य जसंच्या तसं वापरणार. अजून दोन शंका. नंबर धरायला रांगेत पॅडल लावायची पद्धत असते तिथे मित्राचं पॅडल आपल्याबरोबर लावलं तर चालतं का? आणि मधोमध आलेला बॉल कुणाचा? आम्ही दोघंही बघत राहतो नाहीतर पॅडलवर पॅडल आपटतं.

सरळ_बोलतो:

मित्र तिथे हजर असेल तर चालतं. गाडी लावतोय, पाच मिनिटांत येतोय, असं असेल तर नाही. आणि आधी लागलेली पॅडलं सरकवून चौकडी जमवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. गर्दी असेल तर गेम झाला की चौघंही बाहेर, जिंकलेले राहणार की नाही ते तिथल्या बोर्डावर बघा किंवा विचारा.

डावखुरा_डिंकर:

मधला बॉल साधारणपणे ज्याचा फोरहँड मध्ये आहे त्याचा, म्हणजे दोघं उजवे असाल तर डावीकडे उभा असलेला घेणार. पण आधी बोलून घ्या आणि रॅलीत "माझा" "तुझा" ओरडत राहा, लाजू नका. माझ्यासारखा डावखुरा पार्टनर मिळाला तर तो उजवीकडे असताना दोघांचेही फोरहँड मध्ये येतात आणि तो डावीकडे गेला की दोघांचेही बॅकहँड, तेव्हा स्कोअरप्रमाणे बाजू बदलली की दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.