टोळीशी इमान राखणारा तरस वाचकाला येडा वाटू नये म्हणून काय करू?

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. एक दीर्घकथा लिहितोय, सगळी पात्रं प्राणी पण माणसासारखी राहणारी, भाड्याच्या खोलीत संसार करणारी, आणि गाव आपलंच सोलापूर. मे महिना, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, उजनीत असून नसल्यासारखं, आणि अशात लांडग्यांची एक टोळी सगळे टँकर ताब्यात घेऊन बसलीय. म्होरक्या अण्णा, त्याची बायको अक्का. त्यांच्याकडं मल्लू नावाचा तरस आहे, टँकर चालवतो, वसुलीला जातो, वेळ पडली तर मार खातो. पुढं अण्णाच्या थोरल्या पोराच्या हातून एकाचा जीव जातो आणि मल्लू गुन्हा स्वतःवर घेतो.

ज्या दोघांना वाचायला दिलं त्या दोघांनी एकच विचारलं, हा येडा आहे का? मला तो येडा नकोय हो. अण्णानं लहानपणी वाचवलं, त्याचे उपकार वगैरे लिहून बघितलं पण ते मलाच पाठ केल्यासारखं वाटतंय. असं इमान येतं कुठून?

माळरान_वेडी
मी नान्नजच्या माळावर बरीच वर्षं जातेय. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं तेच, पण मी जाते ती लांडग्यांसाठी. तुमच्या कथेत एक चूक आहे आणि तीच चूक तुमच्या कामाची आहे असं मला वाटतं. टोळ्या करून राहतं ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस, आणि तिथं हुकूम मादीचा चालतो. आपल्याकडचं तरस पट्ट्यांचं, ते रात्री बहुतेक एकटंच फिरतं आणि दुसऱ्यानं मारलेल्या जनावराचं उरलंसुरलं खातं. म्हणजे मल्लू हा मुळात टोळीतला जीवच नाही! त्याला कुणी हाक मारून बोलवायची सवयच नाही, आणि लोक तर तरस दिसलं तरी तोंड फिरवतात.

लांडग्याची टोळी म्हणजे उलट घरच असतं, आई, बाप आणि त्यांची पोरं. मोठी भावंडं धाकट्या पिल्लांना सांभाळतात, पोटात आणलेलं मटण त्यांच्यापुढं ओकून भरवतात. पण हीच पोरं दोन-एक वर्षाची झाली की बहुतेक आपली वाट धरतात. आता बघा, अण्णाची पोटची पोरं जाणार आणि हा बाहेरचा राहणार. अक्काला हे अण्णाच्या आधी कळेल.

अजून एक, तरसाचा जबडा हाड फोडायचा असतो, लांडग्यांनी सोडून दिलेलं हाड तो चावून खातो. पंगतीत मल्लूच्या ताटात शेवटी नुसती नळी आली तर बाकीच्यांना तो अपमान वाटेल, त्याला वाटणार नाही.

माग_खटखट
वरच्या ताईंनी भारी सांगितलं. मी घरातलं सांगतो. माझे वडील एकाच कारखान्यात २६ वर्षं मागावर होते, टॉवेलचं काम. शेजारचा कारखानदार जास्त मजुरी द्यायला तयार होता, आई रोज भांडायची, तरी गेले नाहीत. डोक्यावर उचल होती हे खरं, बहिणीच्या लग्नाला घेतलेली, ती फिटेपर्यंत दुसरी व्हायची. पण खंडेनवमीला मागाची पूजा असायची तेव्हा मालक नारळ दरवर्षी वडिलांच्याच हातात द्यायचे, चाळीस कामगारांतून. वडील आदल्या रात्री शर्ट स्वतः धुवून वाळत घालायचे. आता ते उचलीमुळं थांबले का नारळामुळं हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं, दोन्ही एकमेकांत असं गुंतलेलं की सुटं करताच येत नाही. शेवटी एक दिवस सकाळी गेले तर दाराला कुलूप, कारखाना विकलेला, कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वडील तिथंच उभे राहिले आणि घरी आल्यावर मालकाबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता, आता येत नाही.

म्हणून सांगतो, मल्लूलाही उचल दे. नुसतं प्रेम दाखवलंस तर तो देवमाणूस होईल आणि नुसती उचल दाखवलीस तर गुलाम. आणि त्याच्या तोंडून 'इमान' हा शब्द एकदाही येऊ देऊ नको.

बाळीवेस_कट्टा
वरचं सगळं बरोबर, फक्त मल्लूला पुण्याचं बोलायला लावू नका. बरोबरच्याला तो 'काय करायलास बे' म्हणेल, अण्णाला मात्र 'तुम्ही जेवला का अण्णा'. हा फरक ठेवला की अर्धं काम झालं.

पूर्वभाग_सोलापूर
ताई, मटणाच्या नळीवर रात्रभर झोप नाही आली. उपकाराचं सगळं प्रकरण काढून टाकलं. आता असं आहे की अण्णाचा धाकटा पण घर सोडून निघालाय, लातूरच्या गाडीत बसून गेला. रात्री जेवायला तिघंच. अक्का भाकरी मोडून रस्सा वाढते आणि पातेल्यातली नळी न विचारता मल्लूच्या ताटात टाकते, नेहमीसारखी. बाहेर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज येतो. अण्णा मान वर करत नाही. मल्लू नळी फोडतो, आतलं सगळं चोखून घेतो, हात धुतो, आणि टँकरची किल्ली खिळ्याला अडकवून म्हणतो, 'अक्का, सकाळी बुधवार पेठेतल्या म्हातारीला पाणी द्यायचं राहिलंय, तेवढं बघा.'

खटखट भाऊ, उचलीची वही अक्काकडं ठेवलीय. त्या पानावर ती रेघ मारते का नाही, ते अजून ठरत नाहीये.