बुजरेपणा मेंदूतच असतो का?

कोथरूडकर आई:
माझी साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या दारात माझ्या ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरून उभी राहते आणि बाईंनी हाक मारली तरी मान वर करत नाही. घरी मात्र तिची बडबड थांबत नाही. तिचा भाऊ याच वयात सारसबागेत अनोळखी मुलांच्या घोळक्यात बेधडक शिरत असे. सासूबाई म्हणतात की हा आमच्या लाडांचा परिणाम आहे. स्वभाव जन्मजात असतो, की तो आम्हीच घडवला?

मानसशास्त्राची प्राध्यापिका:
लाडांना दोष देण्याची घाई करू नये. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले आणि बाळांचे निरीक्षण केले. सुमारे २० टक्के बाळे हातपाय झाडत, पाठीची कमान करत रडू लागली. सुमारे ४० टक्के शांतपणे पाहत राहिली. पहिल्या गटातील मुले दुसऱ्या वर्षी नवख्या माणसांपुढे अधिक बुजत असल्याचे आढळले, आणि चार महिन्यांचे बाळ लाडांनी बिघडलेले नसते, हे सासूबाईंना अवश्य सांगा. केगन यांच्या मते याचे मूळ अमिग्डला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग किती चटकन उत्तेजित होतो, यात असावे. तो शरीराच्या प्रतिक्रिया नियंत्रित करणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला इशारा देतो, तेव्हा छाती धडधडू लागते आणि स्नायू ताठरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुसऱ्या वर्षी बुजऱ्या असलेल्या व्यक्तींचा अमिग्डला विशीतही अनोळखी चेहरे पाहताना इतरांपेक्षा अधिक सक्रिय झाल्याचे दिसले.

सदाशिव पेठेतील वाचक:
म्हणजे दोष जनुकांचा? सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या वाहक प्रथिनाच्या जनुकाविषयी पूर्वी बरेच छापून येत असे.

मानसशास्त्राची प्राध्यापिका:
जुळ्यांच्या अभ्यासांवरून अनुवंशाचा वाटा बराच दिसतो, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. त्या एका जनुकाचा नैराश्याशी असलेला मानीव संबंध २०१९ मधील लाखो लोकांच्या माहितीच्या विश्लेषणात टिकला नाही. शिवाय कृपया याला दोष म्हणू नये.

बालवाडीची ताई:
न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास करणारे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ महत्त्वाचा मानला, आणि मला वर्गात तेच रोज दिसते. तिला पाहुण्यांपुढे गाणे म्हणायला लावू नका, पण रडते म्हणून शाळाही बुडवू नका. तिच्यासमोर बाईंशी मोकळेपणाने बोला, आणि तिची नजर चुकवून निघून न जाता, न्यायला कधी येणार ते तिला सांगून निघा.