अमेरिकन रेसिपीतला कप आणि औंस: मैदा कुठे चुकतोय?

राजवाडा_५२ (इंदूर): केकच्या अमेरिकन रेसिपीत २¼ कप मैदा, १ कप बटरमिल्क, १ स्टिक बटर आहे. "१ कप = ८ औंस" वाचून कपाला २२७ ग्रॅम धरले, एकूण ५१० ग्रॅम मैदा घातला. मिश्रण पोळीच्या कणकेसारखं घट्ट झालं. सियागंजातून आणलेल्या कपावर २५० मिली लिहिलंय, अमेरिकन कप २३७ चा. त्यामुळे का?

मापात_पाप_नको: १३ मिलीने कणीक होत नाही हो! घोळ औंसाचा आहे. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, द्रवाचा २९.५७ मिली. कपात ८ मावतात ते द्रवाचे. पाण्या-दुधाला दोन्ही आकडे जवळपास जुळतात, म्हणून चूक लपते. मैद्यात हवा असते; अमेरिकन कपभर मैदा १२० ते १२५ ग्रॅमच भरतो. म्हणजे २¼ कपांना २७० ते २८०. तुम्ही जवळजवळ दुप्पट घातलात. साखर कपाला २०० ग्रॅम. क्रीम चीज "८ औंस" लिहिलं असेल तर ते मात्र वजनच, २२७ ग्रॅम.

काटा नसेल तर कप डब्यात खुपसू नका, मैदा दाबला जाऊन १४० ग्रॅमच्या वर जातो. चमच्याने सैल भरा, सुरीच्या पाठीने सपाट करा.

तूप_साखर: स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. आपली १०० ग्रॅमची वडी आणि वर एक टेबलस्पून. बटर खारं असेल तर रेसिपीतलं मीठ गाळा. बटरमिल्क म्हणून जेवणातलं पातळ ताक ओतू नका. १८० मिली दही ६० मिली पाण्यात घुसळा.

कपावरच्या छापावरही जाऊ नका. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

राजवाडा_५२: कळलं, दोघांचे आभार. घरातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात "१ पाइंट दूध" आहे, ते ४७३ मिलीच ना?

मापात_पाप_नको: पुस्तक लंडनचं असेल तर ५६८. तिकडच्या पाइंटात २० औंस, अमेरिकन पाइंटात १६; आणि ब्रिटिश औंसही थोडा लहान, २८.४१ मिली. गॅलनचंही तसंच: ४.५४६ लिटर आणि ३.७८५. ऑस्ट्रेलियन पुस्तक निघालं तर टेबलस्पून २० मिलीचा धरा, १५ चा नाही.