नोंदवहीतील कोरा रकाना: पर्यवेक्षक ताईंना कसे समजवावे?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या मासळी प्रक्रिया केंद्रात मी व्यवस्थापक आहे. कोळंबी सोलण्याच्या विभागातून बढती मिळालेल्या आमच्या ताई कामात निष्णात आहेत. परंतु शीतगृहाचे तापमान उणे १८ अंशांच्या वर गेले की तापमानाच्या नोंदवहीतला रकाना त्या कोराच ठेवतात.

उत्तर १: हा आळस नसून भीती असावी. आमच्याकडे एका ताईंना बाजूला बसवून, ‘आकडा वाढलेला दिसला की मनात प्रथम काय येते?’ एवढेच विचारले, तेव्हा कळले की दार उघडे राहिल्याचा ठपका आधीच्या साहेबांनी सर्वांदेखत त्यांच्यावर ठेवला होता. पुढे पंधरा दिवस मी रोज त्यांच्याशेजारी उभे राहून वही भरून घेतली आणि वाढीव आकडा लिहिल्याबद्दल आवर्जून आभार मानले.

उत्तर २: सहमत आहे, मात्र माल हलवण्याचा आणि तंत्रज्ञाला बोलावण्याचा अधिकारही त्यांना द्यावा, नाहीतर नुसत्या नोंदीने मासळी वाचत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात सराव करून घेता येईल.

प्रश्नकर्ता: अधिकाराचा विचार मी केलाच नव्हता. उद्या सकाळच्या पाळीत प्रथम त्यांचे म्हणणे ऐकून घेतो.