मीटरचा लाईट गेलाय, कोणाला कळतं का यातलं?

ए-३०२: मंडळी, माझी २००६ ची हॅचबॅक, काल रात्री घाटात मीटरचे लाईटच गेले, स्पीड दिसेना पेट्रोल दिसेना, ही मोबाईलचा टॉर्च धरून बसली घरापर्यंत. गॅरेजवाला म्हणतो अख्खा मीटर बदला, साडेचार हजार

बी-१०४: काका थांबा, पैसे देऊ नका. काटे हलतायत ना? मग मीटर चांगलाय, नुसता उजेड गेलाय. स्टिअरिंगजवळ ब्राइटनेसचं बारकं चाक असेल तर आधी ते फिरवा, पुसताना फिरतं कधीकधी. मग पार्किंग लाईट लावून मागे जाऊन बघा, टेल लॅम्प लागतात का

सी-५०१: आमची पण अशीच करायला लागली होती, विकून टाकली 😀

ए-३०२: अरे मागे पण अंधार!! म्हणजे काल घाट उतरलो तो टेल लॅम्पशिवाय

बी-१०४: तेच म्हणत होतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत टेल लॅम्प, नंबर प्लेट आणि मीटरचा उजेड एकाच फ्यूजवर असतो

ए-३०२: फ्यूज उडालाच होता, १० अँपिअरचा. नवीन टाकला, पार्किंग लावल्या लावल्या तोही गेला. १५ चा टाकू का?

बी-१०४: अजिबात नको!!! मग फ्यूज राहील आणि वायर जळेल. कुठेतरी शॉर्ट आहे. डिकीच्या वर बिजागरीपाशी रबरी नळी असते बघा, वायरी तिच्यातून जातात, वीस वर्षं उघडझाप होऊन तिथेच सोलतात. बॅटरीची मायनस काढून मग हात घाला

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये गाडीची कामं करायची नाहीत असं मीटिंगमध्ये ठरलंय, आठवण करून देतो

ए-३०२: दहा मिनिटं द्या साहेब

ए-३०२: सापडली!! नंबर प्लेटची वायर, तांबं उघडं पडून पत्र्याला टेकत होतं. टेप मारली, फ्यूज टिकला, मागचं सगळं लागलं. पण मीटर डावीकडे अजून काळाच

बी-१०४: तिथला बल्ब गेला असेल. मीटर बाहेर काढून मागून होल्डर पाव फेरा फिरवला की बल्ब हातात येतो. नाना पेठेत जुना बल्ब दाखवून तसाच घ्या, किरकोळ किंमत असते

डी-२०३ ताई: सगळे एलईडीच टाका ना दादा, आमच्या ह्यांनी टाकलेत, मस्त पांढरा उजेड

बी-१०४: उजेडाचे चालतील ताई, नाही लागला तर उलटा करून बसवायचा. पण मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्याला हात लावू नका, जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला, सुरुवातीचा करंट मिळतो, तिथे साधा एलईडी टाकला तर चार्जिंगच सुरू न होण्याची भीती, आणि मग तुम्ही म्हणणार बॅटरी खराब

ए-३०२: साधेच आणतो बाबा

सेक्रेटरी: काका, काळी टेप उरली असेल तर वॉचमनकडे ठेवा. माझ्या पण नंबर प्लेटचा लाईट दिवाळीपासून बंद आहे